बैलगाडा शर्यत: ‘बुल’ या शब्दाची 12 वर्षं

बैलगाडा शर्यतीवर बंदी आली आणि उठली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वादाचं मूळ मात्र 11 जुलै 2011 च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला व लोकांपुढे आणायला आधीच मनाई होती. त्या यादीत आता ‘बुल’ची भर पडली. पाच रानटी जनावरांच्या रांगेत दावणीचं जनावर जाऊन बसलं.

गोठ्यात या एका शब्दाने भागत नाही. गोऱ्ह्याचा, म्हणजे नर वासराचा, वाढून खोंड होतो. पैदाशीसाठी राखला तर वळू, बडवला, म्हणजे खच्ची केला, की बैल. पूर्वी गावोगाव जनावर पाडून, पाय बांधून ठेचायचे आणि ते कित्येक दिवस सुजेने हैराण व्हायचं. आता पशुवैद्यक चिमट्याने कातडी न फाडता आतली नस दाबतात. ठरलेल्या रीतीने केलेलं खच्चीकरण 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याने क्रूरतेत धरलेलं नाही. नांगराला आणि गाडीला हाच बडवलेला बैल जुंपतात. शर्यतीत दोन्ही प्रकार दिसतात. सातारा-सांगलीकडे आदत गटात, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेल्यांत, धावणारे खोंड बहुधा अंडीलच, म्हणजे न बडवलेलेच, असतात.

मग बडवलेला बैल ‘बुल’मध्ये येतो का? राज्याने 2011 च्या ऑगस्टमध्येच शर्यती थांबवल्या होत्या. 12 मार्च 2012 ला उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. 7 मे 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू (मोकळ्या वळूला बिलगण्याचा खेळ) आणि महाराष्ट्राच्या गाडा शर्यती एकाच वाक्यात, त्याच ‘बुल’ शब्दाखाली बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. शेपटी पिरगाळणं आणि टोकदार काठी टोचणं ही क्रूरताच आहे, त्यावर दुमत नसावं. पण मोकळ्या वळूला गर्दीने बिलगणं आणि जुवाला सरावलेली जोडी गाड्याला जुंपून पळवणं हे वेगवेगळे प्रकार आहेत. ते वेगवेगळे तपासायला हवे होते. तोच बैल त्याच दिवशी मणभर ओझं घेऊन बाजाराला जाऊ शकत होता.

आपल्याकडेही शर्यतीचा एकच प्रकार नाही. खेड-जुन्नरच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, पुढे घोडी, तिच्यामागे जुकाटाची म्हणजे पुढची बैलजोडी आणि धुरेला म्हणजे गाड्यालगत दुसरी जोडी असते. गाड्यावर माणूस नसतो आणि बारीचा, म्हणजे एका धावेचा, निकाल सेकंदांवर लागतो. साताऱ्याकडे सपाट रानात हलक्या छकड्यावर गाडीवान बसतो. विदर्भातल्या शर्यतीला शंकरपट म्हणतात.

7 जानेवारी 2016 ला केंद्राने या बंदीतून सवलत दिली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयात तिला स्थगिती मिळाली. 2017 मध्ये राज्याने 1960 च्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली. तिच्या व्याख्येत ‘बुल’ आणि ‘बुलक’ (बडवलेला बैल) दोन्ही शब्द स्पष्ट लिहिले, छकडी आणि शंकरपट ही नावंही घातली. अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तरीही शर्यती अडल्याच. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. परवानगी आता जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते.