कारखाना कोणत्या संघटनेत आहे आणि संघटना सरकारला काय लिहिते? सीमाभागातल्या वाचकांसाठी माहिती मागवण्याची पद्धत, पात्रता आणि कागदपत्रं

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम चढल्या आणि निपाणी, चिक्कोडी, अथणी, रायबागचा नदीकाठ पाण्याखाली गेला. 2023 मध्ये पावसाने ओढ दिली आणि कर्नाटक सरकारने राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले. आधी ऊस पाण्यात कुजला, मग पाण्यावाचून वाळला. हवामानाबद्दलचे नियम दिल्लीत आणि बेंगळुरूत ठरतात. ते ठरताना उद्योगांच्या वतीने बोलतात त्यांच्या संघटना. कारखाना आपल्या अहवालात सौरऊर्जेचे फोटो छापतो, पण ज्या संघटनेला तो वर्गणी भरतो तीच संघटना "मुदत वाढवा, मर्यादा सैल करा" असं लिहीत असेल, तर ते आपल्याला कळलं पाहिजे.

सरकारकडे अशी बाजू मांडणं, म्हणजे लॉबिंग, बेकायदा नाही. शेतकरी संघटनाही निवेदनं देतात. अडचण वेगळीच आहे. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे अशी नोंदवहीच नाही. 2013 मध्ये लोकसभेत यासाठी एका खासदाराचं खासगी विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे माहिती एका जागी मिळत नाही, तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागते. ती कशी करायची ते पुढे देतो.

पहिली पायरी: कंपनीचा अहवाल. अर्ज नाही, फी नाही

शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022-23 या आर्थिक वर्षापासून 'व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल' सक्तीचा केला आहे. त्याला बीआरएसआर म्हणतात. हा अहवाल वार्षिक अहवालाचा भाग असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर आणि बीएसई, एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून कुणालाही उतरवून घेता येतो. शेअर असण्याची अट नाही.

आपल्या भागाशी याचा थेट संबंध आहे. बेळगावच्या ज्या अॅल्युमिना कारखान्याला जुनी माणसं अजून इंडाल म्हणतात, तो हिंडाल्कोचा आहे. दांडेलीत वेस्ट कोस्ट पेपर आहे. रेणुका शुगर्सचं नोंदणीकृत कार्यालय बेळगावातच आहे. या तिन्ही कंपन्या शेअर बाजारात आहेत. केंद्राच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत (लक्ष्यापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्याला विकता येणारं क्रेडिट मिळतं) पहिल्या टप्प्यात ज्या उद्योगांना उत्सर्जनाची, म्हणजे हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन वायूंची, लक्ष्यं ठरवून दिली, त्यांत अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद आहेत. लक्ष्यांचा मसुदा एप्रिल 2025 मध्ये आला आणि अंतिम नियम ऑक्टोबर 2025 मध्ये. मधल्या सहा महिन्यांत कोणत्या संघटनेने काय म्हणणं मांडलं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

अहवाल दोनशे-तीनशे पानी असतो, सगळा वाचत बसू नका. त्याच्या 'क' विभागात नऊ तत्त्वं असतात. सातवं तत्त्व उघडा. सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना कंपनीने जबाबदारीने आणि पारदर्शकपणे वागावं, असं ते तत्त्व आहे. तिथे दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली सक्तीची आहे: कंपनी एकूण किती व्यापारी व औद्योगिक संघटनांची सदस्य आहे, आणि त्यांतल्या पहिल्या दहांची नावं, ती राज्य पातळीवरची की देश पातळीवरची यासह. इथे एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. हे 'पहिले दहा' संघटनेच्या सदस्यसंख्येवरून ठरतात. म्हणजे हजारो सदस्यांचं मोठं चेंबर यादीत वर येतं, आणि मोजक्याच कंपन्यांची पण एकाच उद्योगासाठी दिल्लीत सतत पाठपुरावा करणारी संघटना दहाच्या बाहेर राहू शकते. एकूण आकडा 18 असेल आणि नावं दहाच असतील, तर उरलेल्या आठांची नावं मागणं हा आपला पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट ऐच्छिक आहे: कंपनीने कोणत्या धोरणाची बाजू घेतली, कोणत्या मार्गाने, ती माहिती सार्वजनिक आहे का, संचालक मंडळ तिचा आढावा किती काळाने घेतं. हा तक्ता ऐच्छिक असल्यामुळे तो कोरा किंवा "लागू नाही" असा सोडून देता येतो. माझ्या मते संपूर्ण अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता हाच आहे आणि तो सक्तीचा नसणं ही सेबीच्या नमुन्यातली मोठी उणीव आहे. उत्सर्जन, पाणी, वीज यांचे आकडे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेण्याचं बंधन मोठ्या कंपन्यांवर टप्प्याटप्प्याने येत आहे. सातवं तत्त्व त्या तपासणीत धरलेलंच नाही.

सहाव्या तत्त्वातले उत्सर्जनाचे आकडे आणि सातव्यातली संघटनांची यादी एकाच कागदावर शेजारी लिहून ठेवा. पुढच्या दोन्ही पायऱ्यांना हा कागद लागतो. अहवाल इंग्रजीत असतो, त्यामुळे गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सोबत घेतलं तर काम लवकर होतं.

दुसरी पायरी: भागधारक म्हणून प्रश्न

पात्रता: कंपनीचा एक शेअर पुरतो. तो आपल्या डीमॅट खात्यात (शेअर ठेवण्याचं खातं), कंपनीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत दिलेल्या तारखेला असला पाहिजे.

लागणारी माहिती: पॅन, डीमॅट खात्याचे डीपी आयडी व क्लायंट आयडी हे दोन क्रमांक, आणि खात्याला जोडलेला ई-मेल. ई-मेल जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्या, कारण नोटीस तिथेच येते.

मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपन्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होते आणि नोटीस किमान 21 दिवस आधी निघते. नोटिशीतच "वक्ता म्हणून नोंदणी" कशी करायची ते आणि कंपनी सचिवाचा ई-मेल दिलेला असतो. नोंदणीची मुदत सभेच्या काही दिवस आधी संपते. सभा बहुतेक वेळा व्हिडिओवर असते, त्यामुळे मुंबईला जायची गरज पडत नाही. प्रश्न लेखी पाठवा, थोडक्यात पाठवा: उरलेल्या संघटनांची नावं काय, त्यांना वर्षाला किती वर्गणी दिली, आणि संघटनेची भूमिका कंपनीच्या जाहीर हवामान लक्ष्यांच्या विरोधात गेली तर कंपनी काय करते?

स्वतःचा ठराव मांडायचा असेल तर मात्र मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा एक दशांश हिस्सा लागतो, ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. तरीही प्रश्नांचं वजन कमी समजू नका. बीएचपी या खाण कंपनीवर ऑस्ट्रेलियातल्या भागधारकांनी दबाव आणला, तेव्हा 2017 मध्ये तिने आपल्या सगळ्या संघटनांच्या हवामानविषयक भूमिका तपासून अहवाल काढला आणि 2018 मध्ये जागतिक कोळसा संघटना सोडली.

कंपनीने भागधारकाला उत्तरच दिलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. आधी कंपनीला लिहिलेलं पत्र जोडावं लागतं, म्हणून ई-मेलची प्रत जपून ठेवा. कंपनीला उत्तरासाठी 21 दिवस असतात.

तिसरी पायरी: माहिती अधिकार

कंपनी किंवा संघटना माहिती अधिकाराखाली येत नाही. पण त्यांनी सरकारला लिहिलेलं पत्र सरकारच्या फायलीत असतं, आणि ती फाईल आपल्याला मागता येते. माझ्या दृष्टीने तिन्हींतली ही सगळ्यात भक्कम पायरी.

पात्रता: भारताचा कोणताही नागरिक. मंडळाच्या किंवा संस्थेच्या नावाने अर्ज करू नका, व्यक्तीच्या नावाने करा. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही आणि कुणी विचारूही शकत नाही.

भाषा: इथे आपल्याला सावध राहावं लागतं. कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. कर्नाटकात ती भाषा कन्नड. मराठीत अर्ज दिला तर परत येण्याची शक्यता आहे आणि त्या वादात महिना जातो. मराठीच्या हक्कासाठी लढणाऱ्या आपल्या माणसांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण माहिती हातात पडावी असं वाटत असेल तर हा एक अर्ज हिंदीत लिहा.

कुठे: कार्बन योजनेसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि ऊर्जा दक्षता ब्युरो. इथेनॉल आणि साखरेसाठी केंद्राचा अन्न व सार्वजनिक वितरण विभाग. कारखान्याच्या प्रदूषण परवान्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बेळगावचं प्रादेशिक कार्यालय. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

फी: दहा रुपये. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर यूपीआयने भरता येते. टपालाने पाठवायचा तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, केंद्रीय कार्यालयासाठी 'लेखा अधिकारी' यांच्या नावे. पोस्टल ऑर्डरचा नंबर अर्जावर लिहा आणि दोन्हींची झेरॉक्स काढून ठेवा. टपालाची पावती त्याच झेरॉक्सला टाचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, मात्र कार्डाची प्रत जोडावी लागते. आधार कार्ड लागत नाही.

शब्दमर्यादा: केंद्राकडे साधारण 500 शब्द. कर्नाटकात 150 शब्द, आणि एका अर्जात एकच विषय. राज्याच्या कार्यालयासाठी नमुना 'ए' वापरा.

आता मागायचं काय? "उद्योगांनी काय लॉबिंग केलं" असं विचारलं तर "अशी माहिती उपलब्ध नाही" हेच उत्तर येणार. कागद मागा, मत मागू नका. एक उदाहरण घेऊ. दुष्काळाच्या त्या हंगामात, 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवडाभरातच 17 लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सूट दिली. त्याबद्दल अर्ज असा लिहिता येतो: "1 ते 20 डिसेंबर 2023 या काळात या विषयावर उद्योग संघटनांकडून आलेल्या सर्व पत्रांच्या व ई-मेलच्या प्रती, त्यांच्याशी झालेल्या बैठकांची इतिवृत्तं आणि संबंधित फाईलवरच्या टिपण्या द्याव्यात." तारखा आहेत, विषय आहे, कागदाचा प्रकार आहे. प्रत पानाला दोन रुपये.

उत्तराची मुदत 30 दिवस. कार्यालयाने संघटनेला 'तिसरा पक्ष' मानून तिचं म्हणणं मागवलं तर 40 दिवसांपर्यंत जातं. "व्यापारी गुपित" म्हणून नकार आला तर घाबरून सोडू नका. सरकारचं धोरण बदला म्हणून लिहिलेलं पत्र हे गुपित कसं, आणि व्यापक जनहितासाठी ते देण्याची तरतूद कलम 8 मध्येच आहे, हे पहिल्या अपिलात लिहा. पहिलं अपील 30 दिवसांत, त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे. दुसरं 90 दिवसांत, केंद्राच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाकडे आणि राज्याच्या बाबतीत कर्नाटक माहिती आयोगाकडे. राज्य आयोगाचं पीठ बेळगावात आहे.

सहकारी कारखाना किंवा छोटी फाउंड्री असेल तर

बेळगाव जिल्ह्यातले कितीतरी साखर कारखाने सहकारी आहेत किंवा शेअर बाजारात नसलेले खासगी आहेत. त्यांना बीआरएसआर लागू नाही. सहकारी संस्था माहिती अधिकारात थेट येतेच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं. पण सहकारी संस्थांच्या निबंधकाला जी माहिती कायद्याने संस्थेकडून घेता येते, ती निबंधकाच्या कार्यालयाकडे मागता येते. आणि आपण सभासद असू तर सर्वसाधारण सभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही: कारखान्यांच्या महासंघाला वर्गणी किती दिली आणि महासंघाने आपल्या नावाने काय मागितलं?

हेच उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांना सांगावंसं वाटतं. भट्टीचा आणि विजेचा खर्च तुमचा, संघटनेची वर्गणी तुमची. मग दिल्लीला गेलेलं निवेदन वाचून बघण्याचा पहिला हक्कही तुमचाच. संघटनेच्या सचिवाला साध्या पत्राने प्रत मागा.

मसुद्यावर स्वतःची हरकत

संघटना जे करतात ते आपणही करू शकतो. पर्यावरण संरक्षण नियमांखाली मसुदा राजपत्रात आला की 60 दिवसांत कुणीही हरकत पाठवू शकतो. पत्ता आणि ई-मेल मसुद्याच्या पहिल्या पानावरच असतो. फी नाही, वकील लागत नाही. नाव, पत्ता, मसुद्याचा क्रमांक, आक्षेप कोणत्या कलमावर आणि का, एवढं पुरे.

भाषेचा प्रश्न इथे थोडा सोपा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. 2020 मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. त्या भाषांत मराठी आहे. हरकत मराठीत लिहा, सोबत इंग्रजी किंवा हिंदीत अर्ध्या पानाचा गोषवारा जोडा, म्हणजे ती बाजूला पडणार नाही.

अंतिम अधिसूचनेत "आलेल्या हरकतींचा यथोचित विचार केला" असं एक वाक्य असतं. त्या विचाराचा कागद, म्हणजे कुणाची हरकत मान्य झाली आणि कुणाची फेटाळली याचा तक्ता, वरच्याच माहिती अधिकाराच्या पद्धतीने मागा. अर्जात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहिली की "माहिती नेमकी नाही" हे कारण पुढे करता येत नाही.