सिंगापूर ते क्वालालंपूर: किलोमीटर वेगळे, तास वेगळे

सिंगापूर-मलेशिया-थायलंड अशी एकत्र सहल ठरवताना पहिलाच हिशेब चुकतो. चांगी, म्हणजे सिंगापूरचा विमानतळ, ते क्वालालंपूरचा विमानतळ सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेच्या वर जातं, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचं काम. तिकिटावर मात्र तास-सव्वातास छापलेला असतो. मग घरात कोणीतरी विचारतंच, "विमान लांबून फिरवून नेतात की काय?"

थोडं नेतात. ३०० हा आकडा नकाशावरच्या सरळ रेघेचा. विमानाला ठरलेल्या मार्गानं जाऊन धावपट्टीच्या दिशेला वळावं लागतं. पण खरा फरक तो नाही. तिकिटावरची वेळ ही विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडे गेटला लागेपर्यंतची असते. त्यात चांगीला धावपट्टीपर्यंतची रांग आली, उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचं रांगणं आलं, आणि उशीर झालाच तर म्हणून कंपनीनं धरलेली थोडी सूटही आली. प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाऊण तास. त्यातही चढणं आणि उतरणंच जास्त; पूर्ण वेगानं सरळ उडायला विमानाला फारसा वावच मिळत नाही. पट्टा बांधायचा दिवा विझतो, ज्यूसचा डबा हातात येतो, आणि तो संपायच्या आत रिकामे डबे गोळा करायला माणसं परत येतात. खाली विमानतळाजवळच्या सेपांग भागातल्या तेलताडाच्या बागा दिसू लागलेल्या असतात.

हेच बँकॉकला लावून बघा. सिंगापूरहून बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे क्वालालंपूरच्या जवळजवळ पावणेपाच पट. वेळ मात्र दुपटीहून थोडी जास्त, अडीच तासांच्या आत-बाहेर. चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच; वाढलेलं अंतर विमान पूर्ण वेगात कापतं. म्हणून किलोमीटरला ठरावीक मिनिटं असं गणित इथे चालत नाही.

बँकॉकला आणखी एक गफलत होते, घड्याळाची. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सकाळी ९ला सिंगापूरहून निघालात तर तिकिटावर पोचायची वेळ साडेदहाच्या आसपास दिसते. बँकॉकहून ९ला निघालात तर साडेबाराच्या आसपास. जाताना दीड तास आणि येताना साडेतीन, असं वाटून लोक वाऱ्याला दोष देतात. वाऱ्यानं पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतील, दोन तास नाही. मलेशियाबाबत हा घोळ नाही: १९८२च्या सुरुवातीला द्वीपकल्पीय मलेशियानं घड्याळ अर्धा तास पुढे नेलं, सिंगापूरनंही लगेच तेच केलं, आणि तेव्हापासून दोघांची वेळ एकच आहे.

आता राहिला शहरापासून शहरापर्यंतचा वेळ, आणि सहलीला तोच कामाचा. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनला वेगवान रेल्वेनंसुद्धा जवळपास अर्धा तास लागतो. चांगीला दोन तास आधी जाणं, पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा हे धरलं की तासाभराचं विमान साडेचार-पाच तासांचं होतं. बस साधारण ३५० किलोमीटर कापून पाच-सहा तासांत शहरात सोडते, सीमेवर गर्दी नसेल तर. शनिवार-रविवारी ती असतेच, तेव्हा विमान घ्यावं. मधल्या वारी, सोबत आजी-आजोबा आणि चार मोठ्या बॅगा असतील, तर मी बसच सांगतो; सीमेवर मात्र दोनदा खाली उतरावं लागतं, आणि सामानही उतरवावं लागतं.