‘नॉर्मल फॉर्म’मधले नॉर्मल कोणते?

डेटाबेसमधले तक्ते कसे आखावेत याचे पहिले, दुसरे, तिसरे असे नॉर्मल फॉर्म (म्हणजे ठरलेली रूपे) फळ्यावर पायऱ्यांसारखे मांडले जातात आणि वरची पायरी चांगली, असे विद्यार्थी धरून चालतात. हा शब्द डेटाबेसमध्ये आला तेव्हा पायऱ्या नव्हत्याच. रूप एकच होते.

शब्द गणितातला. लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, कंपासपेटीत असतो तसा. एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी लिहिता येत असेल तर ती ठरलेल्या साच्यात आणायची, म्हणजे तुलना सोपी होते. १८७० मधले जॉर्डन रूप मॅट्रिक्सच्या बाबतीत हेच करते. तर्कशास्त्रातली विधानेही ‘आणि’, ‘किंवा’च्या ठरावीक रचनेत आणता येतात. आशय तोच राहतो.

जून १९७० मध्ये आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीतल्या एडगर कॉड या ब्रिटिश गणितज्ञाने तक्त्यांच्या डेटाबेसवरचा लेख छापला, त्यात शब्द याच अर्थाने आहे. उदाहरण कर्मचाऱ्याचे: नोंदीत नोकऱ्यांचा इतिहास, त्याच्या पोटात पगाराचा इतिहास, शिवाय मुलांची यादी. वरच्या नोंदीची किल्ली, म्हणजे तिची ओळख पटवणारे मूल्य, खालच्या नोंदींत उतरवत नेली की चार सपाट तक्ते होतात आणि माहिती कुठेही हरवत नाही. पुढे एका मुलाखतीत त्याने हे नाव अमेरिका-चीन संबंध सुरळीत करण्याच्या चर्चेवरून घेतल्याचे सांगितले. तक्त्याला गणितात ‘संबंध’च म्हणतात, त्यामुळे श्लेष मराठीतही साधतो. पण अमेरिकी अध्यक्षांचा चीन दौरा फेब्रुवारी १९७२ चा आणि शब्द त्याआधीच छापून आलेला. त्याचे मूळ गणितात मानणेच मला योग्य वाटते.

१९७१ मध्ये त्यानेच, तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून, दुसरे आणि तिसरे रूप मांडले. १९७० चे रूप मग पहिले ठरले, आणि अर्थ सरकला. मग १९७४ चे बॉइस-कॉड, १९७७ चे चौथे, १९७९ चे पाचवे. तिसऱ्या रूपात जाण्याच्या वाटा मात्र अनेक असतात. त्याच माहितीवरून दोघांनी केलेले दोन वेगळे आराखडे दोन्ही नियमात बसू शकतात. बॉइस-कॉडपर्यंत नेताना तर कधी कधी माहितीवरचा एखादा नियम कोणत्याच एका तक्त्यात तपासता येत नाही. साच्याचे एकमेवपण गेले आणि ‘रूप’ म्हणता म्हणता आपण प्रतवारी करू लागलो.

खरा गुंता पहिल्या रूपातच आहे. रकान्यातले मूल्य अविभाज्य असावे, ही १९७० ची अट. अविभाज्य कुणासाठी? तारखेतून दिवस, महिना, वर्ष निघते. पूर्ण नावातून वडिलांचे नाव आणि आडनाव निघते. १९९० च्या पुस्तकात मूळ लेखकाने खुलासा केला: डेटाबेस प्रणालीला ज्याचे तुकडे करता येत नाहीत ते अविभाज्य, काही खास फंक्शने वगळून. पण मजकुराचा तुकडा काढणारे फंक्शन तर रोज वापरात असते, मग या व्याख्येत उरते काय? १९७७ मध्ये जपानमधून आणि १९८२ मध्ये जर्मनीतून तक्त्याच्या रकान्यात तक्ता ठेवण्याचे प्रस्ताव आले. नंतर तर कॉडच्या तक्त्यांच्या (रिलेशनल) पद्धतीच्या काही कडव्या पुरस्कर्त्यांनीही मान्य केले की रकान्याचा प्रकार ठरलेला असेल तर त्यातले मूल्य अख्खा तक्ता असायलाही हरकत नाही.

एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या प्रमाणकात १९९९ मध्ये ॲरे (क्रमवार यादी) आले, २००३ मध्ये मल्टिसेट (क्रम नसलेली यादी), २०१६ मध्ये जेसनची, म्हणजे एकात एक माहिती मजकुरात लिहिण्याच्या पद्धतीची, फंक्शने. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीने जेसनचा प्रकार २०१२ मध्येच दिला होता. तेव्हापासून ‘जेसनचा रकाना म्हणजे पहिल्या रूपाचा भंग’ हा आक्षेप प्रत्येक डिझाइनच्या बैठकीत निघतो. मला तो अर्धाच पटतो. बाहेरून आलेला निरोप जसाच्या तसा ठेवायचा आणि तसाच परत द्यायचा असेल, तर ते एकच मूल्य आहे, कितीही लांबलचक असो. पण कर्मचाऱ्याच्या मुलांची यादी जेसनमध्ये ठेवून त्यातल्या एकाचे जन्मवर्ष ‘व्हेअर’ या एसक्यूएलच्या अटीमध्ये शोधायला लागलो, की १९७० चे तेच उदाहरण समोर उभे राहते, आणि त्या यादीला तेव्हासारखाच स्वतंत्र तक्ता लागतो.