‘करलं’ कुठून आलं?

घरात मराठी आणि बाहेर हिंदी ऐकणारं, इंदूरच्या रामबागेतलं तीन वर्षांचं मूल ठोकळे रचून सांगतं, "आजी, मी घर करलं!" गंमत म्हणजे काही महिन्यांपूर्वी हेच मूल बरोबर "केलं" म्हणायचं. मग बिघडलं काय?

बिघडलं काहीच नाही. मूल नक्कल करून आणि शाबासकी मिळवून भाषा शिकतं, असं मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५७ मध्ये मांडलं. पण "करलं" घरात कोणीच म्हणत नाही, मग नक्कल कुणाची? ‘बसलं, उठलं, पडलं’ ऐकून मुलाने नियम काढला आणि तो ‘कर’ला लावला. आधीचं "केलं" नुसतं पाठ होतं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी १९५९ मध्ये स्किनरवर टीका केली आणि पुढे व्याकरणाची क्षमता उपजतच असते, असा दावा केला. तो दावा मात्र जरा जास्तच मोठा वाटतो. १९९६ च्या एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणतं येतं, एवढ्यावरून त्यांनी त्यातले ‘शब्द’ ओळखले. बरंचसं काम कानाच्या हिशेबावरच होतं.

हा कान लवकर निवडही करतो. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखत. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना ते जवळपास जमेना (वर्कर आणि टीस, १९८४). इंदूरच्या बाळाला त-ट गल्लीतही मिळतात. हिंदीत नसलेला ‘ळ’ मात्र घरातूनच मिळणार.

"माझी पुस्तक" ही चूक वेगळ्या जातीची. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग तर नाहीच. दोन्ही चुकांवर उपाय एकच: "असं नाही म्हणायचं" न म्हणता "हो, छान घर केलंस! आणि तुझं पुस्तक कुठंय?" असं बरोबर रूप सहज परत ऐकवायचं.

मराठी कार्टून लावून मात्र भागत नाही. संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून बारा बैठकींत चिनी भाषेतले ध्वनिभेद शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तर काहीच नाही.

दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. शब्द मोजताना ‘पाणी’ आणि ‘गाडी’बरोबर ‘बिल्ली’ही धरा. तरीही वर्षाचं मूल बडबडत नसेल किंवा दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कानाची तपासणी.