कॉफीने दारू उतरत नाही

‘दोन कप कडक कॉफी पाज, तोंडावर गार पाणी मार, मग नेईल तो गाडी.’ दारू पिऊन होणारे अपघात रोखायला गावोगावी, वस्त्यांमध्ये झटणाऱ्या मंडळींना हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. समजूत जुनी आहे, आणि साफ चुकीची.

रक्तातली दारू मुख्यतः यकृत मोडतं, तेही आपल्याच गतीने: तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे ९० मिलिग्रॅम उतरायला सुमारे ६ तास. रात्री उशिरापर्यंत प्यायलेल्याच्या रक्तात सकाळीही ती असू शकते. कॉफीने फक्त झोप उडते. ब्रेकवर पाय उशिराच पडतो, समोरच्या गाडीचं अंतर चुकतंच. उलट तरतरी आल्यामुळे ‘मी ठीक आहे’ असं वाटतं, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. बडीशेप चघळूनही उपयोग नाही; तपासणी यंत्र फुफ्फुसातून येणाऱ्या हवेतली दारू मोजतं.

म्हणून ही मंडळी कॉफीच्या नादी लागत नाहीत. कार्यक्रमाआधीच न पिणारा चालक ठरवतात, किल्ल्या त्याच्याकडे देतात, उरलेल्यांची तिथेच झोपायची सोय करतात.