‘०.१’ या मजकुराची संख्या होताना

प्रोग्रॅमला फाइलमधून मिळालेले ‘०.१’ म्हणजे निव्वळ तीन अक्षरे असतात. त्यांची संख्या करण्याचे काम लायब्ररीतील (तयार कोडच्या संग्रहातील) एक फंक्शन करते. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे वापराच्या माहितीत, ‘मजकुराचे संख्येत रूपांतर करते’ एवढेच लिहिले, तर वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत (बिटांत), ०.१ लिहू गेल्यास अंक संपतच नाहीत. संगणकात अपूर्णांक साठवण्याच्या आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकातील ६४ बिटांच्या ‘डबल’ या प्रकारात संख्येच्या अंकांसाठी ५३ बिटांची अचूकता मिळते, त्यामुळे ०.१ च्या सर्वांत जवळची संख्या साठवली जाते आणि ती दशांशचिन्हानंतरच्या अठराव्या स्थानी किंचित जास्त भरते.

मात्र ‘सर्वांत जवळची’ संख्या शोधणे वाटते तितके सोपे नाही. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या २ च्या ५३ व्या घाताहून एकने मोठी आहे आणि डबलमध्ये ती बसत नाही. तिच्या शेजारच्या, शेवटी ९९२ आणि ९९४ असलेल्या संख्या सारख्याच अंतरावर आहेत. अशा वेळी नेहमीच्या नियमाने ज्या संख्येचा शेवटचा बिट शून्य आहे ती, म्हणजे ९९२ ची, निवडली जाते. पण याच मजकुरापुढे दशांशचिन्ह, शेकडो शून्ये आणि अगदी शेवटी एक १ असेल, तर उत्तर ९९४ चे यायला हवे. पहिले वीस अंक वाचून बाकीचे सोडून देणारी लायब्ररी इथे चुकते. विल्यम क्लिंजर आणि डेव्हिड गे यांनी १९९० मध्ये अशा अचूक वाचनाच्या पद्धती मांडल्या. लायब्ररी इतकी अचूकता पाळते की नाही, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट असायलाच हवे.

त्याहून अधिक घोळ होतो तो चुकीच्या मजकुराचा. सी भाषेतील ‘एसटीआरटीओडी’ हे फंक्शन आरंभीची मोकळी जागा ओलांडून जमेल तेवढे वाचते आणि कुठे थांबले ते एका पॉइंटरमधून (मजकुरातली जागा दाखवणाऱ्या चलातून) कळवते, ‘१२.५किमी’मधून ते १२.५ घेते. काहीच वाचता आले नाही तर ते शून्य देते, आणि हे शून्य मजकुरातल्या खऱ्या शून्यापासून वेगळे ओळखायचे तर तो पॉइंटरच पाहावा लागतो. सीमधल्याच ‘एटीओएफ’ या फंक्शनमध्ये तीही सोय नाही. शिवाय दोन्ही फंक्शने लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशानुसार संख्या लिहिण्याच्या रीतीची सेटिंग, पाळतात: जर्मन लोकेल लावले असेल तर दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम अपेक्षित असतो, त्यामुळे ‘३.१४’ वाचताना ती टिंबापाशी थांबतात आणि उत्तर ३ येते. सी++ भाषेच्या सी++१७ या आवृत्तीतील ‘फ्रॉम चार्स’ हे फंक्शन लोकेलकडे पाहत नाही, पण ते आरंभीची मोकळी जागा किंवा अधिकचिन्हही स्वीकारत नाही.