जादूगार दरोड्यात कसा शिरला?

'नाऊ यू सी मी' मालिकेचा तिसरा भाग नोव्हेंबर २०२५मध्ये आला. भर रंगमंचावर खेळ करता करता हात मारणारे जादूगार आता इतके सवयीचे झालेत, की जादूगार आणि दरोडा ही जोडी सिनेमात पहिल्यापासूनच असावी असं वाटतं. पण ती जमायला बराच काळ गेला.

सिनेमाशी जादूचं नातं मात्र जुनंच. जॉर्ज मेलियेस मुळात पॅरिसचा जादूगार. १८९६च्या एका छोट्या फिल्ममध्ये तो जमिनीवर वर्तमानपत्र अंथरतो, त्यावर खुर्ची ठेवतो, खुर्चीत बसलेल्या बाईवर कापड टाकतो आणि बाई गायब! वर्तमानपत्र कशाला? तर खाली चोरदरवाजा नाही हे पटवायला. रंगमंचावर त्या कागदाला अर्थ होता. इथे मेलियेसनं कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, कॅमेरा पुन्हा सुरू झाला. जे कॅमेरा एका फटक्यात करतो, ते जादूगारानं केलं म्हणून कोण टाळ्या वाजवणार? बेड्या-साखळ्यांतून सुटण्याच्या खेळांनी गाजलेल्या जादूगार हुदिनीनं १९१९पासून सिनेमात नशीब आजमावलं, पण रंगमंचावरचं यश काही तिथे मिळालं नाही.

कागदावर चोर आणि जादूगार केव्हाच शेजारी आले होते. १९०५मध्ये अवतरलेला आर्सेन ल्युपाँ हा चोर एके काळी जादूगाराचा मदतनीस होता, असं सुरुवातीच्याच एका कथेतल्या खटल्यात निघतं. हुदिनीनं १९०६मध्ये गुन्हेगारांच्या क्लृप्त्यांवर पुस्तकच लिहिलं.

दरोड्याच्या सिनेमांत मात्र जादूगाराला कामच नव्हतं. 'रिफिफी' या फ्रेंच सिनेमातली (१९५५) चोरी जवळजवळ अर्धा तास चालते, संवाद नाही, संगीत नाही, आणि प्रेक्षकापासून काही लपवलेलंही नाही. छत फोडणाऱ्यांचा घाम दिसतो. जिथे सगळं उघड, तिथे नजरबंदी कुणाची करायची? १९६६ची 'मिशन: इम्पॉसिबल' ही टीव्ही मालिका याला अपवाद. तिच्यातला रोलिन हँड पेशानं जादूगार आणि वेषांतरात तरबेज.

खरी कलाटणी मिळाली ती प्रेक्षकालाच गंडवायचं ठरलं तेव्हा. 'द स्टिंग' या ठगांवरच्या सिनेमात (१९७३) शेवटपर्यंत प्रेक्षकही सावज असतो. त्यात पॉल न्यूमन पत्ते पिसतो तेव्हा जवळून दिसणारे हात त्याचे नाहीत, जॉन स्कार्न या पत्त्यांच्या उस्तादाचे आहेत. म्हणजे जादूगार आला, पण हातापुरता. 'ओशन्स इलेव्हन'च्या (२००१) टोळीत कसरतपटू आहे, जादूगार नाही. तरी कॅसिनोचा मालक पडद्यावर जी लूट बघतो, ती हुबेहूब उभारलेल्या दुसऱ्याच तिजोरीत आधी चित्रित केलेली असते. याला जादूचा प्रयोग नाही तर काय म्हणायचं?

२०१३च्या 'नाऊ यू सी मी'नं हीच नकली तिजोरी उचलून रंगमंचाखाली ठेवली. लास व्हेगासमधला एक प्रेक्षक पॅरिसच्या बँकेत पोहोचल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो खालच्या त्या नकली तिजोरीत पडलेला असतो, आणि पैसे आधीच लंपास झालेले असतात. इथे एक पेच आहे. गुपित फोडायचं नाही हा जादूगाराचा धर्म, आणि चोरी कशी झाली हे अखेर सांगायचं हा दरोडापटाचा. लेखकांनी तोड शोधली ती मॉर्गन फ्रीमनच्या पात्रात: जादूगारांची बिंगं फोडणं हाच त्याचा धंदा. माझ्या मते चारही जादूगारांपेक्षा सिनेमाला गरज होती ती याची. तो नसता तर प्रत्येक युक्तीनंतर कॅमेऱ्यानं केलं असेल, म्हणून प्रेक्षक मोकळा झाला असता. २०१६च्या दुसऱ्या भागात, झडती चालू असताना चौघं एकमेकांकडे पत्ता उडवतात, तिथे ही शंका येतेच.

पहिला भाग आला त्याच वर्षाअखेरीस, डिसेंबर २०१३मध्ये, 'धूम ३' आला. शिकागोची सर्कस, बँकेवर सूड आणि आमिर खानचा जादूगार. गुपित म्हणाल तर जुळा भाऊ, म्हणजे गायब होऊन दुसरीकडे प्रकटण्याची फार जुनी तोड. इथे बिंग फोडायला वेगळं पात्र नाही. भाऊ मध्यंतरालाच समोर येतो आणि पुढचा सिनेमा चोऱ्यांपेक्षा त्या दोघांच्या नात्यावरच जास्त चालतो.